पाळ, मोरी आणि सांडवा



ब्रह्मपुरीचे नाव काढले की जिल्ह्याबाहेरच्या माणसाला आधी वाघ आठवतो. वैनगंगेच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला मात्र ब्रह्मपुरी आठवते ती दवाखान्यांसाठी. देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, कोरची या भागातील कुटुंबात कोणी गंभीर आजारी पडले की नदीचा पूल ओलांडून इकडे येण्याचा रिवाज जुना आहे. तालुक्याचे हे गाव. भोवती धानाची शेती, गावात राईस मिल, महाविद्यालये आणि एका मागून एक उभी राहिलेली रुग्णालये. त्यांच्या सोबतीने करसल्लागार आले, वकील आले, बांधकाम अभियंते आले, शेतीचा सल्ला देणारे पदवीधर आले. आपले ज्ञान विकून प्रतिष्ठेने जगणारा एक वर्गच येथे तयार झाला आहे. आजचा विषय या वर्गाचा आहे. व्यवसायही वाढला पाहिजे, समाजाचे ऋणही फेडले पाहिजे आणि घरही सांभाळले पाहिजे, या तीन ओढींमध्ये सापडलेल्या माणसाने करायचे काय?

सल्लागाराच्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. राईस मिलचा मालक रात्री झोपला तरी गिरणी चालू राहू शकते. दुकानदाराच्या गैरहजेरीत मुलगा गल्ल्यावर बसतो. सल्लागाराच्या गोदामात मात्र माल नसतो. तो विकतो ते स्वतःचे तास आणि त्या तासांमागची वर्षानुवर्षांची तपश्चर्या. तो उठून गेला की दुकान बंद. त्यामुळे त्याचा व्यवसाय, त्याचे समाजकार्य आणि त्याचा संसार हे तिघेही एकाच भांड्यातून पाणी उपसतात. व्यापारी दान देतो तेव्हा पैसा कमी होतो. सल्लागार दान देतो तेव्हा बहुधा मुलाचा अभ्यास घेण्याची संध्याकाळ कमी होते. हा फरक न ओळखता समाजकार्याची भाषणे ठोकणे सोपे असते.

या भागात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांकडे धाव घेण्याची फारशी गरज नाही. ते गावाबाहेर पडले की दिसते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तलावांचा प्रदेश आहे. गोंड राजांच्या काळात, त्यांच्या उत्तेजनाने, कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी आणि गावोगावच्या श्रमिकांनी हे तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव आजही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणतात.

या तलावाची रचना पाहावी. खालच्या अंगाला मातीची भक्कम पाळ असते. पाळीत मोरी असते, तीतून गरजेप्रमाणे धानाच्या बांधीत पाणी सोडले जाते. आणि एका बाजूला, पाळीपेक्षा थोड्या खालच्या पातळीवर, सांडवा असतो. पाऊस उदंड झाला की जास्तीचे पाणी तेथून वाहून जाते आणि पुष्कळदा खालच्या तलावाला मिळते. ज्याने हे बांधले त्याला पुस्तकी शिक्षण नव्हते, पण साठवायचे किती, रोज द्यायचे किती आणि न मागता सोडून द्यायचे किती, या तीन गोष्टी त्याने पाऊस पडण्यापूर्वी ठरवल्या होत्या. पाऊस सुरू झाल्यावर सांडव्याची उंची ठरवता येत नाही.

संसार ही पाळ आहे. पाळच नसेल तर तलावच नाही, केवळ वाहता ओढा. नियमित, ठरलेले समाजकार्य ही मोरी आहे. सांडवा म्हणजे मिळकतीची ती रेषा, जिच्या वरचे आपले नाही असे आपणच ठरवलेले असते. आजच्या व्यावसायिकाची अडचण ही की त्याला पाळ आणि मोरी ठाऊक आहेत, पण सांडवा तो दरवर्षी वीतभर उंच करत जातो. आधी दुमजली घर, मग नागपुरात सदनिका, मग मोठी गाडी, मग नवे यंत्र आणि त्या यंत्राचे हप्ते. पाणी वाढते, पाळीवरचा ताण वाढतो, आणि पाळीच्या दुरुस्तीकडे कोणाचे लक्ष नसते. पाळ फुटते तेव्हा मोठ्या पावसाला दोष दिला जातो.

याच चंद्रपूर जिल्ह्यातील एका वकिलाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मुरलीधर देवीदास आमटे हे वरोऱ्यात वकिली करत होते. घरची जमीनदारी होती, नगरपालिकेचे उपाध्यक्षपद होते. चार शब्द बोलण्याचे आपल्याला मिळतात तेवढे पैसे मजुराला दिवसभर राबून मिळत नाहीत, ही विसंगती त्यांना सोसवेना. १९४६ मध्ये साधनाताईंशी त्यांचा विवाह झाला. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. आणि पुढे सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. बाबांनी व्यवसाय, सेवा आणि संसार यांचा समतोल साधला असे म्हणणे चुकीचे होईल. त्यांनी वकिली सोडली आणि संसारच सेवेच्या आवारात नेऊन ठेवला. साधनाताईंची साथ नसती तर ते शक्य नव्हते, हे ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. असा मार्ग हजारांत एखाद्याचा. त्याला नमस्कार करावा. परंतु आपण बाबा आमटे होऊ शकत नाही, म्हणून काहीच करू शकत नाही, हा युक्तिवाद मध्यमवर्गाला फार सोयीचा पडतो. शिखर दाखवून पायथ्याशीच बसून राहण्याचा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातले, आणि व्यावसायिकांना अधिक जवळचे. १९६६ साली लातूर हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. डॉ. अशोकराव कुकडे, डॉ. अलकाताई कुकडे आणि त्यांचे काही सहकारी डॉक्टर तेथे एकत्र आले आणि विवेकानंद रुग्णालय सुरू झाले. शल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी हाती असलेल्या तरुणाला पुण्या-मुंबईत काय मिळाले असते, हे सांगायला नको. लातूरच्या या मंडळींनी व्यवसाय सोडला नाही. शस्त्रक्रिया केल्या, रुग्णांकडून शुल्क घेतले, रुग्णालय वाढवले. फरक एवढाच की मिळकत संस्थेची आणि डॉक्टरांनी ठरावीक मानधन घ्यायचे. सांडव्याची उंची त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. आणखी एक गोष्ट साधली, तिची चर्चा कमी होते. अनेक डॉक्टर एकत्र असल्यामुळे एकाच्या घरी लग्नकार्य किंवा आजारपण आले तर दुसरा उभा राहू शकत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा जखमींच्या सेवेला हे रुग्णालय उभे राहिले. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याला तो भार पेलला नसता. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु या प्रयोगाची खरी शिकवण व्यवहाराची आहे. एकटा सल्लागार संतुलन साधू शकत नाही. त्याला जोडीदार लागतात. ब्रह्मपुरीत एकाच गल्लीत एकाच विषयाचे दोन विशेषज्ञ असतात आणि दोघेही वर्षात चार दिवस सुट्टी घेऊ शकत नाहीत, कारण आपला रुग्ण शेजारच्याकडे गेला तर परत येणार नाही ही धास्ती. त्या धास्तीची किंमत दोघांच्याही मुलांना मोजावी लागते.

आता थोडे थांबून दुसऱ्या टोकाकडे पाहिले पाहिजे. केवळ देत राहिलेल्या माणसाचे काय होते? शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम शिक्षण, दीड एकराच्या आसपास जमीन. १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ या धानाच्या वाणात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, हंगामामागून हंगाम त्यांची निवड केली, आणि बारीक, चवदार, भरघोस उतारा देणारे वाण तयार झाले. बाजारात त्याला नाव मिळाले ‘एचएमटी’, त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून. पुढे ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने ते कृषी विद्यापीठामार्फत १९९८ मध्ये प्रसारित झाले. आज मध्य भारतात हा तांदूळ ज्याच्या ताटात नाही असा मध्यमवर्गीय विरळाच. दादाजींनी बियाणे वाटले, विचारायला आलेल्या शेतकऱ्याला सल्ला दिला, पुढेही नवी वाणे शोधत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. आणि तरीही घरातील आजारपण आणि कर्ज यांतून ते कुटुंब बाहेर पडू शकले नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

ज्या वाणावर गिरणीवाले, बियाणेवाले आणि व्यापारी मोठे झाले, त्याच्या जनकाचे घर कोरडे राहिले. शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदा देशात २००१ साली आला, तोपर्यंत हे बियाणे गावोगाव पोहोचलेले होते. दादाजींचा त्याग थोर होताच, पण त्याग थोर आहे असे म्हणून मोकळे होणारा समाज कृतघ्न ठरतो. त्या घरापर्यंत वेळेवर एक वकील, एक हिशेबनीस पोहोचला असता, हक्काचा कागद कोणता आणि तो कोठे द्यायचा हे सांगणारा कोणी दारात उभा राहिला असता, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. ब्रह्मपुरीतील सल्लागाराने समाजकार्य म्हणजे काय असा प्रश्न विचारला तर त्याचे एक उत्तर येथेच आहे. ब्लँकेट वाटायला कोणीही पुढे येतो. अर्ज, दाखला, नोंदणी, अपील, विम्याचा दावा, वनहक्काचा नकाशा, बचतगटाचा ताळेबंद ही कामे मात्र ज्याला येतात त्यानेच करायची असतात. आपल्या व्यवसायाचेच कौशल्य समाजासाठी वापरले तर तासाभरात जे होते, ते अननुभवी कार्यकर्त्याला महिनाभर साधत नाही.

येथे फीविषयी एक स्पष्ट विचार मांडला पाहिजे, कारण सुसंस्कृत घरांत पैशाविषयी बोलणे कमीपणाचे समजले जाते. जो देऊ शकतो त्याच्याकडून योग्य फी न घेणे ही सेवा नाही, तो संकोच आहे. कंत्राटदार ओळखीचा म्हणून त्याचे काम फुकट करायचे आणि मग वेळ नाही म्हणून कुरखेड्याच्या विधवेला पुढची तारीख द्यायची, हा हिशेब उलटा आहे. देऊ शकणाऱ्याकडून पूर्ण घ्यावे, पावती द्यावी, कर भरावा, आणि मगच मोरी उघडावी. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने जी योजना घालून दिली, तिच्यात निर्धन रुग्णांच्या निधीसाठी देयकांच्या दोन टक्के रक्कम बाजूला काढायची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनाही नफ्याच्या दोन टक्क्यांचे बंधन घातले. कायद्याने ज्यांना बांधले त्यांची रेषा ही. ज्याला कोणी बांधलेले नाही त्याने स्वतःची रेषा कोठे आखावी, हे त्याने पतीपत्नी मिळून ठरवावे. मात्र ती रक्कम वेगळ्या खात्यात जावी. खिशातून होणारे दान लक्षात राहत नाही, आणि लक्षात न राहणारे दान प्रत्यक्षापेक्षा नेहमी मोठे वाटते.

त्याहून कटू गोष्ट शिबिरांची. आरोग्य शिबिर भरवावे, त्यात शंभर जण तपासावेत आणि त्यांतील वीस जणांना आपल्याच रुग्णालयात बोलवावे, यात बेकायदेशीर काही नाही. परंतु त्याला जाहिरात म्हणावे, सेवा म्हणू नये. आणि ज्या व्यवसायात रुग्ण पाठवणाऱ्याला ‘कट’ दिला जातो, तेथे त्या पैशातून झालेल्या अन्नदानाचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. व्यवसायातील सचोटी हेच सल्लागाराचे पहिले समाजकार्य. अनावश्यक तपासणी न लिहिणारा डॉक्टर वर्षभरात गरिबांचे जेवढे पैसे वाचवतो, तेवढे बहुधा कोणत्याही देणगीत नसतात.

घराविषयी बोलायचे तर आधी हे मान्य करावे लागेल की समाजकार्याचे श्रेय पुष्कळदा पतीच्या नावावर आणि वेळ पत्नीचा, अशी वाटणी असते. रुग्णालयाचा गल्ला ती सांभाळते, परिचारिकांची पाळी ती लावते, अचानक आलेल्या दहा कार्यकर्त्यांचा स्वयंपाक ती करते, सासूबाईंची औषधे तिच्या लक्षात असतात. सत्काराच्या वेळी तिला पहिल्या रांगेत बसवतात आणि भाषणात एक वाक्य तिच्या वाट्याला येते. तिच्या श्रमाची नोंद हिशेबाच्या वहीत आणि निर्णयात दोन्हीकडे झाली पाहिजे. कोणते पद घ्यायचे, कोणते नाकारायचे, हे तिला विचारून ठरवले तर अर्धी पदे आपोआप सुटतील. मामा तलावात जसा वर्षानुवर्षे गाळ साचतो आणि पाण्याची जागा खातो, तशा समित्या, मंडळे, स्वागताध्यक्षपदे सल्लागाराच्या आयुष्यात साचतात. प्रत्येक पद स्वतंत्रपणे पाहिले तर चांगलेच असते. गाळसुद्धा सुपीकच असतो. तो तलावात साचतो ही अडचण.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत काम आरंभले. नवजात बालकांच्या घरपोच सेवेचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. परंतु त्याआधी, १९९५ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराने गाठले. लोकांच्या आरोग्यासाठी झटणारा डॉक्टर स्वतःचे शरीर, झोप आणि मन यांकडे पाठ फिरवून बसला होता, हे त्यांनी पुढे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात निःसंकोचपणे लिहिले. त्या पुस्तकाने महाराष्ट्रात असंख्य घरांत चालणे सुरू झाले. सेवाव्रती माणसालाही शरीराचे नियम माफ नसतात, ही त्यातली जाणीव व्यावसायिकांनी फार जपून घेतली पाहिजे. रात्री अकराला जेवणारा आणि पहाटे पाचला शस्त्रक्रियेला उभा राहणारा माणूस समाजाला वीस वर्षे उसनी देतो आणि ती एकदम परत मागितली जातात.

२०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे पाणी सुटले आणि वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची गावे वेढली. अशा वेळी कोणी कोणाला निमंत्रण देत नाही. डाळ-तांदूळ जमा होते, औषधे निघतात, तरुण मुले होड्यांत बसतात. सांडवा भरून वाहण्याचे ते दिवस. पण पूर ओसरल्यावर, चिखल सुकल्यावर, नुकसानीचे पंचनामे झाले की नाही, यादीत कोणाचे नाव राहिले, बँकेचे पीककर्ज कसे फेडायचे, हे प्रश्न पुढचे सहा महिने चालतात. त्या सहा महिन्यांसाठी मोरी लागते, आणि मोरीला वार ठरलेला लागतो.

म्हणून आठवड्यातील एक वार ठरवावा. तो सोयीने बदलू नये. त्या दिवशी दुपारपर्यंतचे काम बिनमोबदला, आपल्याच विषयातले. त्याच दिवशीची संध्याकाळ घरची, आणि तीही तितकीच ठरलेली; मोबाईल दुसऱ्या खोलीत. मुलांना त्या कामात कधीमधी सोबत न्यावे, पण व्याख्यान देऊ नये. दहा वर्षांच्या मुलाला रांगेतल्या माणसांना पाणी देता येते, अर्जावरचे नाव वाचून हाक मारता येते. बाप सतत बाहेर का असतो याचे उत्तर त्याला तेथे आपसूक मिळते, आणि न मिळाले तरी एक दुपार बापाबरोबर जाते.

आणि वार ठरवताना आपल्या सोयीपेक्षा बसचे वेळापत्रक पाहावे. कोरचीकडून निघालेला माणूस पहाटे घर सोडतो, कुरखेडा आणि वडसा करत येथे पोहोचेपर्यंत दहा-साडेदहा होतात. त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. सोबत आलेल्या माणसाचीही. त्याला संध्याकाळी पाचला मोफत तपासले तर शेवटची गाडी निघून गेलेली असते आणि रात्री कोठे राहायचे हा नवा खर्च उभा राहतो. अशा माणसाला अकराच्या आत हाक आली पाहिजे, आणि दाराशी बसलेल्या मुनिमाला ते आधी सांगून ठेवलेले असले पाहिजे.